पोस्टग्रेसला अ‍ॅप जोडताना: कुठल्या दाराला कुठलं कुलूप

नव्या ठिकाणी पोस्टग्रेस या डेटाबेसचा सर्व्हर हाती आला की मी आधी एकच फाइल उघडतो: पीजी_एचबीए.कॉन्फ. कुणी, कुठून आणि कशी ओळख पटवून आत यायचं ते हीच फाइल ठरवते. ती कुठे आहे ते माहीत नसेल तर पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसला आज्ञा द्यायच्या खिडकीत) 'शो एचबीए_फाइल' म्हणायचं, पत्ता मिळतो. वरची लांबलचक टिपणं पोस्टग्रेसचीच असतात. ती सोडून तळाला गेलं की बहुतेक वेळा ही ओळ भेटते:

होस्ट  ऑल  ऑल  ०.०.०.०/०  एमडी५

म्हणजे कुठल्याही डेटाबेसला, कुठल्याही नावाने, कुठल्याही पत्त्यावरून येऊ द्या, पासवर्ड तेवढा विचारा. शेवटी एमडी५ च्या जागी ट्रस्ट असेल तर पासवर्डही विचारू नका. ही ओळ कुणी बेफिकिरीने टाकलेली नसते. एखाद्या महिनाअखेरीला अ‍ॅप जोडलं जात नव्हतं, कुणीतरी 'तात्पुरतं करून देतो' म्हणालं, बिलं निघाली, आणि ते तात्पुरतं चार वर्षं तसंच राहिलं.

'सगळ्यात सुरक्षित पद्धत कोणती ते सांगा' असं मला अनेकदा विचारतात. पोस्टग्रेसपुरता तो प्रश्नच चुकतो. इथे अख्ख्या डेटाबेसला मिळून एक पद्धत नसते, या फाइलच्या प्रत्येक ओळीला वेगळी असू शकते. त्यामुळे एकेका दाराशी उभं राहून विचारायचं: इथून येतो तो माणूस की प्रोग्रॅम? याच मशीनवरून की तारेवरून? आणि त्याची किल्ली ठेवणार कुठे?

पुढे ओळी आणि पद्धतींची नावं देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये अर्थातच ती रोमन अक्षरांत टाईप करायची.

पहिली पायरी: येणाऱ्या-जाणाऱ्यांची यादी

उदाहरणादाखल एक मध्यम धंदा घेऊ. ऑफिस कोल्हापुरात, कारखाना शिरोली एमआयडीसीत. डेटाबेस ऑफिसातल्या लिनक्स सर्व्हरवर. त्याला जोडणारे पाच जण:

जावामधलं बिलिंग अ‍ॅप, शेजारच्या दुसऱ्या सर्व्हरवर. रात्री दोनला चालणारी बॅकअपची स्क्रिप्ट, डेटाबेसच्याच मशीनवर. हिशोब विभागातले पाच लोक, आपापल्या लॅपटॉपवरून अहवाल काढणारे. कारखान्याच्या गेटवरचा वजनकाट्याचा पीसी, व्हीपीएनमधून गाडीचं वजन पाठवणारा. आणि सर्व्हर सांभाळणारे तुम्ही.

ही यादी कुणाला विचारून करू नका. आत्ता कोण जोडलेलं आहे ते दाखवणाऱ्या पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी या व्ह्यूमधून रोलचं (डेटाबेसमधल्या युजरचं) नाव, डेटाबेस, क्लायंटचा पत्ता आणि अ‍ॅपचं नाव दर पाच मिनिटांनी एका टेबलात टाकत राहा, आठवडाभर. विचारून केलेल्या यादीत रात्रीच्या स्क्रिप्टा आणि सोडून गेलेल्या माणसाने लावलेला एक्सेलचा जोड कधीच नसतो. टेबलात तो सापडतो.

फाइल कशी वाचली जाते

वरून खाली, आणि पहिली जुळलेली ओळ लागू. जोडणीचा प्रकार, डेटाबेस, रोल आणि पत्ता जुळला की पोस्टग्रेस तिथेच थांबतं. त्या ओळीची पद्धत नापास झाली तर 'बरं, खालची बघू' असं ते करत नाही, सरळ नकार देतं. एकही ओळ जुळली नाही तरी नकारच.

म्हणून नेमक्या ओळी वर, ऐसपैस ओळी खाली. मी पाहिलेल्या घोळांपैकी निम्मे इथलेच: कुणीतरी छान स्क्रॅमची (पासवर्ड तपासायच्या नव्या, भक्कम पद्धतीची) ओळ तळाला जोडतं, वर जुनी ट्रस्टची ओळ तशीच असते, आणि नवीन ओळीपर्यंत कुणी पोचतच नाही. चाचणी मात्र 'पास' होते, कारण अ‍ॅप चालतंय!

एकाच मशीनवर: पीअर

बॅकअपच्या स्क्रिप्टला पासवर्ड लागतच नाही. ती त्याच मशीनवर युनिक्स सॉकेटमधून (एकाच मशीनवरच्या प्रोग्रॅममधल्या आतल्या वाटेने) येते, आणि पलीकडे कोण आहे हे पोस्टग्रेस थेट ऑपरेटिंग सिस्टीमला विचारू शकतं. लिनक्सवरचा युजर 'बॅकअप' आणि डेटाबेसमधला रोल 'बॅकअप', नाव जुळलं की आत. नावं वेगळी असतील तर पीजी_आयडेंट.कॉन्फमध्ये जोडी लिहायची. कुठेही पासवर्ड साठवलेला नाही म्हणजे चोरायलाही काही नाही. या रोलला सुपरयुजर (सगळे हक्क असलेला) करू नका. १४व्या आवृत्तीपासून पीजी_रीड_ऑल_डेटा नावाचा तयार रोल आहे, साध्या डंपसाठी (डेटाबेसची नक्कल काढायला) तो देऊन भागतं.

'पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड फॉर युजर पोस्टग्रेस' हा संदेश ज्याने पाहिला नाही असा पोस्टग्रेसवाला विरळा. त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही लिनक्सवर दुसऱ्याच नावाने बसला आहात. इंटरनेटवर लगेच सल्ला मिळतो, पीअरच्या जागी ट्रस्ट लिहा. तसं केलंत तर त्या मशीनवर ज्याला ज्याला लॉगिन आहे तो प्रत्येक जण पासवर्डशिवाय डेटाबेसचा सुपरयुजर होऊ शकतो. त्यापेक्षा सूडो वापरून पोस्टग्रेस युजर व्हा, दोन शब्द जास्त टाईप होतात एवढंच.

पीअरची मर्यादा ध्यानात असू द्या. ते फक्त युनिक्स सॉकेटवर चालतं, लोकलहोस्टच्या टीसीपीवर, म्हणजे नेटवर्कच्या वाटेवर, नाही. जावाचा नेहमीचा ड्रायव्हर (अ‍ॅपच्या वतीने डेटाबेसशी बोलणारा भाग) टीसीपीनेच येतो. त्यामुळे अ‍ॅप त्याच मशीनवर असलं तरी त्याला पुढचीच पद्धत लागेल.

तारेवरून येणारा प्रोग्रॅम: स्क्रॅम

बिलिंग अ‍ॅपसाठी माझं उत्तर जवळपास नेहमी एकच: स्क्रॅम-शा-२५६. ते २०१७च्या १०व्या आवृत्तीत आलं, आणि २०२१च्या १४व्या आवृत्तीपासून नवा पासवर्ड आपोआप त्याच प्रकारे साठवला जातो.

जुन्या एमडी५ मध्ये काय बिघडलं आहे? पासवर्ड आणि युजरचं नाव एकत्र करून काढलेला हॅश (उलटा सोडवता न येणारा ठसा) सर्व्हरवर असतो, आणि लॉगिन करायला तो हॅशच पुरतो, मूळ पासवर्ड कळावा लागत नाही. म्हणजे बॅकअपमधून हॅशची यादी फुटली तर किल्ल्याच फुटल्या. स्क्रॅममध्ये सर्व्हरकडे जे साठवलेलं असतं ते घेऊन लॉगिन करता येत नाही. त्यातून मूळ पासवर्ड शोधायचा तर प्रत्येक अंदाजामागे ४०९६ फेऱ्यांचं गणित करावं लागतं. हा आकडा १६व्या आवृत्तीपासून वाढवताही येतो. शिवाय समोरचा सर्व्हर खरा आहे का याचीही खात्री क्लायंटला मिळते. २०२५मध्ये आलेल्या १८व्या आवृत्तीने तर एमडी५ पासवर्ड कालबाह्य ठरवून इशारा द्यायला सुरुवात केली आहे. तेव्हा 'बघू पुढच्या वर्षी' म्हणायचे दिवस सरले.

बदल मात्र क्रमाने करायचा. हा क्रम मी स्वतः चुकलो होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

एका वितरकाकडे मी गुरुवारी संध्याकाळी अ‍ॅपच्या रोलचा पासवर्ड स्क्रॅममध्ये बदलला. पासवर्ड तोच ठेवला, फक्त साठवायची पद्धत नवी. अ‍ॅप सुरळीत चालू होतं. मी खूश. पण त्या अ‍ॅपचा कनेक्शन पूल जुन्या धाटणीचा, एकदा उघडलेली कनेक्शनं दिवसेंदिवस धरून ठेवणारा. आणि उघड्या कनेक्शनला पोस्टग्रेस पुन्हा ओळख विचारत नाही. रात्री अ‍ॅपचा सर्व्हर रीस्टार्ट झाला. सकाळी साडेनऊला गाड्या भरून उभ्या आणि एकही बिल निघेना. लॉगमध्ये संदेश: 'द ऑथेंटिकेशन टाईप १० इज नॉट सपोर्टेड', आणि पुढे क्लायंटचा आयपी पीजी_एचबीए मध्ये आहे का ते तपासा, अशी सूचना. आम्ही ती सूचना प्रामाणिकपणे पाळली. आयपी तपासले, फायरवॉल तपासली, नेटवर्कवाल्याला झोपेतून उठवलं. दीड तास गेला. १० म्हणजे स्क्रॅम, आणि अ‍ॅपमधला जेडीबीसी ड्रायव्हर स्क्रॅम न कळणाऱ्या काळातला, एवढंच कारण होतं. जावाच्या ड्रायव्हरला स्क्रॅम ४२.२.० पासून कळतं. वजनकाट्याच्या पीसीवर ओडीबीसी हा ड्रायव्हर जुना असेल तर संदेश वेगळा येतो, 'स्क्रॅम ऑथेंटिकेशन रिक्वायर्स लिबपीक्यू व्हर्जन १० ऑर अबव्ह', पण दुखणं तेच.

आता माझा क्रम असा. आधी चाचणीचा एक रोल काढायचा, त्याला स्क्रॅमचा पासवर्ड द्यायचा, आणि प्रत्येक अ‍ॅपच्या खऱ्या मशीनवरून, खऱ्या ड्रायव्हरने, त्या रोलने एकदा आत येऊन बघायचं. जे नापास होतील त्यांचे ड्रायव्हर बदलायचे. मग सर्व्हरवर पासवर्ड_एन्क्रिप्शन ही सेटिंग स्क्रॅम-शा-२५६ करून रीलोड. त्यानंतर एकेका रोलचा पासवर्ड नव्याने द्यायचा, आणि दर वेळी त्याचं अ‍ॅप रीस्टार्ट करून बघायचं, तुम्ही जागे असताना! पीजी_ऑथआयडी या टेबलातला पासवर्डचा रकाना 'एमडी५' ने सुरू होतो की 'स्क्रॅम-शा-२५६' ने, यावरून कोण राहिलंय ते कळतं. या सगळ्या काळात पीजी_एचबीए मधली एमडी५ ची ओळ बदलायची नाही. तिथे एमडी५ लिहिलेलं असलं तरी ज्याचा पासवर्ड स्क्रॅममध्ये आहे त्याच्याशी पोस्टग्रेस आपोआप स्क्रॅमनेच बोलतं. यादी कोरी झाली की शेवटी ओळीत स्क्रॅम लिहायचं. आधी लिहिलंत तर उरलेले सगळे एकदम बाहेर.

पासवर्ड देताना 'ऑल्टर रोल' मध्ये तो उघडा टाईप करू नका. सर्व्हरच्या लॉगमध्ये आणि पीएसक्यूएलच्या इतिहासात तो जसाच्या तसा पडून राहू शकतो. पीएसक्यूएलमधली बॅकस्लॅश-पासवर्ड ही आज्ञा वापरा, ती हॅश आपल्याच बाजूला करून मग पाठवते.

स्क्रॅम आहे, मग टीएलएस कशाला?

स्क्रॅममध्ये पासवर्ड तारेवरून उघडा जात नाही हे खरं. पण ओळख पटल्यावर जे जातं ते उघडंच असतं: दर, उधारी, पगारपत्रक. म्हणून नेटवर्कच्या ओळींची सुरुवात 'होस्ट' ने नको, 'होस्टएसएसएल' ने करा. टीएलएस (तारेवरचा मजकूर कूटबद्ध करणारं आवरण) नसलेली जोडणी मग त्या ओळीशी जुळतच नाही.

खरी मेख क्लायंटच्या बाजूला आहे. एसएसएलमोड ठरवला नसेल तर तो 'प्रिफर' असतो: जमलं तर टीएलएस, नाही तर राहू दे. 'रिक्वायर' ठेवलं तर तार झाकली जाते, पण साधारणपणे पलीकडे कोण आहे ते तपासलं जात नाही. दारापलीकडचा आवाज ओळखून न घेता कडी उघडण्यातला प्रकार. 'व्हेरिफाय-फुल' मध्ये सर्टिफिकेट आपल्या सीएचं (सर्टिफिकेटवर सही करणाऱ्याचं) आहे का आणि त्यावरचं नाव जोडणीतल्या नावाशी जुळतं का, दोन्ही बघितलं जातं. त्यासाठी अ‍ॅपच्या कॉन्फिगमध्ये सर्व्हरचा आयपी लिहायची सवय सोडून नाव लिहा. ऑफिसपुरता स्वतःचा सीए चालतो, विकतचं सर्टिफिकेट लागत नाही. कोण टीएलएसने आलंय हे पीजी_स्टॅट_एसएसएल मध्ये दिसतं.

किल्ली कुठे ठेवायची

कुलूप कितीही भारी असो, पासवर्ड गिटमध्ये असेल तर सगळं फुकट. अ‍ॅपचा पासवर्ड कोडबाहेर ठेवा: सर्व्हिसच्या एन्व्हायर्न्मेंटमध्ये, किंवा फक्त अ‍ॅपच्या युजरला वाचता येईल अशा फाइलमध्ये. लिबपीक्यू (पोस्टग्रेसची क्लायंट लायब्ररी) वापरणाऱ्या स्क्रिप्टांसाठी घरच्या फोल्डरमधली डॉट-पीजीपास फाइल आहे. लिनक्सवर तिची परवानगी ०६०० पेक्षा सैल असेल तर ती चक्क दुर्लक्षिली जाते, आणि 'पासवर्ड तर बरोबर आहे, मग का मागतंय?' यात अर्धा दिवस जातो.

पासवर्ड बदलता येईल अशी सोय मात्र पहिल्याच दिवशी करा. बिलिंगसाठी एक नाही, दोन लॉगिन रोल काढा: बिल_अ आणि बिल_ब. टेबलांवरचे वाचण्या-लिहिण्याचे हक्क यांना थेट देऊ नका. 'बिल_काम' हा लॉगिन नसलेला रोल काढून हक्क त्याला द्या, आणि दोघांना त्याचे सदस्य करा. टेबलांची मालकी तिसऱ्याच रोलकडे. अ‍ॅपला टेबल पाडता येण्याचं काही कारण नाही. आता अ‍ॅप बिल_अ ने चालू आहे. पासवर्ड बदलायचा दिवस आला की बिल_ब ला नवा पासवर्ड द्या, अ‍ॅपच्या कॉन्फिगमध्ये टाका, सवडीने रीस्टार्ट करा. पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी मध्ये बिल_अ दिसेनासा झाला की त्याला नोलॉगिन करा. पुढच्या वेळी उलट. दोन्ही किल्ल्या चालतात असा थोडा काळ मिळतो, म्हणून रात्री बाराला कुणालाही बसावं लागत नाही.

'व्हॅलिड अनटिल' ने पासवर्डला मुदत घालता येते. ती पासवर्डची मुदत आहे, रोलची नव्हे. तोच रोल पीअरने किंवा सर्टिफिकेटने येत असेल तर मुदत संपूनही आत येतो.

वजनकाटा: इथे सर्टिफिकेट

गेटवरचा पीसी तीन पाळ्यांत तीन ऑपरेटर वापरतात. पासवर्ड आयएनआय फाइलमध्ये, नोटपॅडने उघडणारा. पीसी बंद पडला की तोच पासवर्ड कुणीतरी फोनवर कुणाला तरी सांगतं. अशा जागी मी सर्ट ही पद्धत वापरतो. क्लायंटकडे आपल्या सीएने सही केलेलं सर्टिफिकेट आणि खासगी किल्ली असते, सर्टिफिकेटवरचं कॉमन नेम आणि रोलचं नाव जुळावं लागतं, आणि ओळ होस्टएसएसएलचीच लागते.

किल्लीची फाइलही कॉपी करता येते, हे मान्य. पण ती फोनवर सांगता येत नाही, आणि पीसी चोरीला गेला तर 'काटा' एवढाच रोल नोलॉगिन करायचा, बाकी कुणाला धक्का नाही. या रोलला एकाच टेबलात नोंद घालायचा हक्क पुरे.

सर्टिफिकेटची खरी डोकेदुखी म्हणजे मुदत. ती संपायच्या महिनाभर आधीची आठवण कॅलेंडरमध्ये टाका, आणि ती एका माणसाच्या नावावर नको, सामायिक कॅलेंडरमध्ये हवी. जावाच्या अ‍ॅपला सर्टिफिकेट देणार असाल तर खासगी किल्ली पीकेसीएस-८ डीईआर किंवा पीकेसीएस-१२ स्वरूपात करून द्या.

माणसांसाठी

हिशोब विभागाला 'रिपोर्ट' नावाचं एकच लॉगिन देऊ नका. कुणी काय पाहिलं ते कळत नाही, आणि एक जण नोकरी सोडून गेला की पाचही जणांचा पासवर्ड बदलावा लागतो. (म्हणजे बदलला जात नाही.)

कंपनीत अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (सगळ्यांच्या लॉगिनांची मध्यवर्ती यादी) आधीच असेल तर जीएसएस, म्हणजे केर्बेरॉस, उत्तम. माणूस सकाळी लॅपटॉपला लॉगिन करतो, डेटाबेस पुन्हा काही विचारत नाही. मांडणी किचकट आहे, आणि घड्याळं सारखी लागतात. नेहमीच्या सेटिंगमध्ये पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की तिकीट नाकारलं जातं. एलडॅप, म्हणजे पासवर्ड डिरेक्टरीकडून तपासून घ्यायची पद्धत, सोपं वाटतं म्हणून लोक तिकडे वळतात. पण एलडॅपमध्ये माणसाचा पासवर्ड मूळ रूपात पोस्टग्रेसपर्यंत येतो आणि तिथून डिरेक्टरीकडे जातो. तेव्हा होस्टएसएसएल हवंच, आणि पुढच्या टप्प्यासाठी एलडॅपटीएलएस=१ सुद्धा. रोल तरीही डेटाबेसमध्ये आधी काढावाच लागतो. आणि अ‍ॅपला एलडॅप कधीच नको: डिरेक्टरी पाच मिनिटं बसली तर बिलं का थांबावीत?

आपल्या उदाहरणात पाचच लोक आहेत आणि डिरेक्टरी नाही. पाच वेगळे रोल, सगळे 'अहवाल' गटाचे सदस्य, पद्धत स्क्रॅम. झालं. १८व्या आवृत्तीत ओऑथ (टोकनने लॉगिन) आलं आहे, पण सर्व्हरवर टोकन तपासणारं वेगळं मॉड्यूल लागतं आणि क्लायंटही नवे. घाई नको.

डेटाबेस क्लाउडवर असेल तर

अ‍ॅमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस-सेवेवर ही फाइल तुमच्या हातात नसते. तिथे पासवर्डऐवजी आयएएमचं (अ‍ॅमेझॉनच्या ओळख-व्यवस्थेचं) टोकन वापरता येतं: रोलला आरडीएस_आयएएम द्यायचा, टीएलएस सक्तीचं. टोकन १५ मिनिटंच चालतं, पण ते फक्त दार उघडण्यापुरतं; उघडलेलं कनेक्शन त्यानंतरही चालू राहतं. चूक होते ती अशी की अ‍ॅप सुरू होताना एकदाच टोकन घेतलं जातं. सोळाव्या मिनिटाला पूल नवं कनेक्शन उघडायला जातो आणि नकार मिळतो. प्रत्येक नव्या कनेक्शनला नवं टोकन, असंच पूलला शिकवावं लागतं.

फाइल लिहू

लोकल  ऑल  पोस्टग्रेस  पीअर
लोकल  बिलिंग  बॅकअप  पीअर
होस्टएसएसएल  बिलिंग  बिल_अ,बिल_ब  १९२.१६८.१०.२१/३२  स्क्रॅम-शा-२५६
होस्टएसएसएल  बिलिंग  +अहवाल  १९२.१६८.१०.०/२४  स्क्रॅम-शा-२५६
होस्टएसएसएल  बिलिंग  काटा  १०.८.०.५/३२  सर्ट

लोकल म्हणजे युनिक्स सॉकेट, अधिकचं चिन्ह म्हणजे त्या गटाचे सदस्य. सुपरयुजरसाठी नेटवर्कची ओळच नाही. तुम्ही एसएसएचने सर्व्हरवर जा आणि पीअरने आत या.

रीलोडआधी एक खिडकी सुपरयुजरच्या लॉगिनने उघडी ठेवा, चुकलंच तर तीच वाचवते. मग पीजी_एचबीए_फाइल_रूल्स हा व्ह्यू बघा. तो फाइल जशी आत्ता डिस्कवर आहे तशी वाचतो आणि चुकलेल्या ओळीपुढे त्रुटी दाखवतो. सगळं कोरं दिसलं की पीजी_रीलोड_कॉन्फ चालवा. रीस्टार्ट लागत नाही.

तळाची ती जुनी एमडी५ ची ओळ मात्र आज काढू नका. लॉग_कनेक्शन्स चालू करा. १४व्या आवृत्तीपासून ओळख तपासलेल्या प्रत्येक लॉगिनच्या नोंदीत कुठली पद्धत लागली आणि फाइलची कितवी ओळ लागली, दोन्ही येतं. जुन्या ओळीचा आकडा पाहून ठेवा. वर नव्या ओळी घातल्याने तो सरकलेला असेल. मग महिनाअखेर, पगाराचा दिवस आणि जीएसटी भरायचा दिवस जाऊ द्या. त्यानंतर लॉगमध्ये तो आकडा शोधा. सापडला तर सोबत रोलचं नाव असेल, आणि त्याआधीच्या नोंदीत पत्ता: बहुतेक तो सोडून गेलेल्या माणसाचा एक्सेलच निघतो. त्याला स्वतःची ओळ द्या किंवा बंद करा, आणि पुन्हा एक महिना थांबा. एकही नोंद नाही मिळाली, की ओळीपुढे हॅश लावून रीलोड करा.